वासोटा: चढायला दम, उतरायला पाय आणि परतीला वेळ

प्रश्न: मी सांगलीत राहते, वय 46. रोज सकाळी आमराईत तासभर भरभर चालते. यंदाच्या हिवाळ्यात मी, नवरा (52, बीपीची गोळी चालू) आणि अकरावीतला मुलगा वासोटा किल्ला करायचा म्हणतोय. चढ अंगावर येतो, पण वरचं दृश्य बघून शीण जातो असं ऐकलंय. कुणी म्हणतं लहान पोरंही चढतात, कुणी म्हणतं जीव निघतो. नवऱ्याला उंचावरून खाली बघितलं की गरगरतं. आम्हाला जमेल का? तयारी काय करू? सासूबाई (74) बोटीपर्यंत तरी येते म्हणतायत, त्यांना आणावं का?

उत्तर: ताई, तुम्हाला जमेल. मात्र आमराईतल्या चालण्याच्या भरवशावर निघू नका. आमराईत तासभर भरभर चालणाऱ्या माणसाचं हृदय आणि फुप्फुसं चांगली असतात, दम टिकतो. पण सांगली सपाट. तिथे चढ म्हणजे फार तर पुलाचा. त्यामुळे उतरताना मांड्यांना जे काम करावं लागतं, त्याची तुमच्या पायांना ओळखच नाही. साताऱ्यातून मी बरीच वर्षं लोकांना वासोट्यावर घेऊन जातोय. चढताना बसून राहिलेली माणसं थोडी. उतरताना गुडघा धरून एकेक पायरी आडवी उतरणारी कितीतरी, आणि त्यात रोज चालणारेच जास्त. दोन महिने हातात असतील तर डिसेंबर-जानेवारीत तुम्ही तिघंही आरामात जाऊन याल.

आधी चढ किती ते बघू, कारण ‘जीव निघतो’ आणि ‘पोरंही जातात’ ही दोन्ही वाक्यं खरी आहेत. गडाला बामणोली गावातून बोटीनं जातात. बोट सोडते ती कोयनेच्या शिवसागर जलाशयाच्या काठाला, मेट इंदवलीपाशी. धरण पूर्ण भरलेलं असताना पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून साधारण 659 मीटर असते. गडाचा माथा 1171 मीटरच्या आसपास. म्हणजे निव्वळ चढ पाचशे मीटरचा. तीन मीटरचा एक मजला धरला तर दीडशेवर मजले. साताऱ्यात राजवाड्यापासून अजिंक्यतारा चढलात तर याच्या निम्म्याहून थोडं जास्त होतं. पाचशे मीटर हा आकडा हिमालयात कुणी मोजणारही नाही, पण इथे तो थोड्या अंतरात आणि एका दमात येतो.

नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं 1892 मध्ये एक ठोकताळा सांगितला, तो आजही कामाला येतो: सपाटीला तासाला पाच किलोमीटर धरा आणि दर सहाशे मीटर चढाला एक तास वर मिळवा. पण त्याच्या डोळ्यासमोर तयारीतला गडी होता, आणि तोही न थांबता चालणारा. घरच्या माणसांसोबत, फोटो काढत, पाणी पीत जाताना मी आलेला आकडा सरळ दुप्पट करतो. वासोट्याला वर जायला अडीच तास धरा.

हा चढ एकसारखा नाही. सह्याद्री म्हणजे लाव्हाचे एकावर एक साचलेले थर. कठीण थर झिजत नाही, तो उभा राहतो आणि त्याचा कडा होतो. मऊ, सच्छिद्र थर झिजून त्याचा उतार आणि पदर, म्हणजे सपाट पट्टा, होतो. त्यामुळे आमच्याकडची कुठलीही वाट टप्प्याटप्प्यानं चढते. वीस मिनिटं छातीवर येणारा चढ, मग थोडी सपाटी, पुन्हा चढ. नवखा माणूस पहिल्या सपाटीला वेग वाढवतो आणि पुढच्या चढाला फसतो. सपाटी लागली की वेग तसाच ठेवून श्वास खाली येऊ द्यायचा असतो.

बोटीतून उतरल्यावर वनखात्याच्या चौकीवर नोंद होते. सोबतच्या प्लास्टिकची मोजदाद होते, ते परत आणून दाखवावं लागतं. कोयना अभयारण्य 1985 चं, आणि 2010 पासून चांदोलीसह सगळा टापू सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. त्यामुळे इथे मुक्कामाला परवानगी नाही. अंधार पडायच्या आत जंगलाबाहेर आणि बोटीत. हा नियम डोक्यात पक्का ठेवा, पुढचं सगळं गणित त्यावर आहे.

चौकीनंतर वाट लगेच दाट रानात शिरते. ओढ्यापाशी मारुती आणि गणपतीच्या मूर्ती आहेत. तिथवर चढ जाणवतही नाही. खरा घाट त्याच्या पुढे. सावली इतकी गर्द की ऊन लागत नाही, पण हवाही हलत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात इथे दमटपणानं कपडे पिळून काढावे लागतात. उन्हापेक्षा या दमट हवेनं माणूस लवकर थकतो, कारण घाम सुकतच नाही आणि अंग थंड होत नाही. इथे पाणी तहान लागायच्या आधी, दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट घ्यायचं. मुलगा पुढे पळेल. पळू द्या, पण हाकेच्या अंतरात. वर एक वाट नागेश्वरच्या सुळक्याकडे फुटते आणि अशा फाट्यावर पुढे गेलेलं पोरगं भलतीकडे जातं. नियम सोपा ठेवा: फाटा दिसला की थांबायचं, शेवटचा माणूस आल्याशिवाय हलायचं नाही.

रान संपलं की कारवी लागते आणि आभाळ दिसतं. इथून ऊन, आणि शेवटच्या टप्प्यात खोदलेल्या पायऱ्या, मग पडके दरवाजे. कातळारोहण कुठेही नाही, दोर लागत नाही. कारवीबद्दल एक सांगतो. ही झुडपं साधारण सात वर्षांनी एकदाच फुलतात आणि फुलून गेली की मरतात. मेलेली काठी उभीच राहते आणि जिवंत काठीसारखीच दिसते. तोल जाताना माणूस हाताला येईल ते धरतो. वाळकी कारवी मधूनच कटकन मोडते आणि ती हातात घेऊन माणूस खाली बसतो. धरायचीच तर बुंध्याशी, जमिनीलगत धरा, आणि भार टाकण्याआधी एक हिसका देऊन बघा.

माथ्यावर बिनछपराचा मारुती, महादेवाचं मंदिर, पाण्याची टाकी, चुन्याचा घाणा. हे सगळं पाऊण-एक तासात बघून होतं. टाक्यातलं पाणी पिण्यासाठी हिशोबात धरू नका. माणशी तीन लिटर खालूनच न्या. ओझं वाटलं तरी न्या, परतीला त्यातला थेंब उरत नाही.

आता उताराचं. चढताना मांडीचे स्नायू आखडत काम करतात. उतरताना तेच स्नायू ताणले जात असताना ब्रेकचं काम करतात, प्रत्येक पावलाला. या ब्रेकच्या कामात स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होतात. म्हणून त्या दिवशी नाही, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना माणूस कळवळतो. आणि मांडी थकली की तिनं झेलायचा धक्का गुडघ्यावर जातो. पाय लटलटायला लागतात ते इथे. आनंदाची बाब अशी की या कामाची सवय शरीर फार लवकर करून घेतं. एकदा उताराचा चांगला व्यायाम झाला की त्याचं संरक्षण काही आठवडे टिकतं. सगळी तयारी या एका गोष्टीवर उभी करा.

लोक व्यायाम म्हणून जिना चढतात आणि लिफ्टनं खाली येतात. तुम्ही वाटल्यास लिफ्टनं वर जा आणि जिन्यानं खाली या. पहिले दोन आठवडे आठवड्यातून तीनदा, चार-पाच मजले, हळूहळू वाढवत. घरात एका पायरीवर उभं राहून एक पाय हवेत ठेवायचा, दुसऱ्या गुडघ्यात वाकत तीन मोजेपर्यंत टाच जमिनीला टेकवायची, परत वर. प्रत्येक पायाला दहा-बारा वेळा. गुडघा आतल्या बाजूला लचकता कामा नये, तो पायाच्या बोटांच्या रेषेत राहिला पाहिजे. आरशासमोर करा म्हणजे कळेल. आमराईतलं चालणं सोडू नका, फक्त हे तीन दिवस त्याच्या जागी हे करा.

तिसऱ्या आठवड्यापासून रविवारी डोंगर. तुमच्याकडून दंडोबा जवळ, चढ फार नाही, पण सुरुवातीला तेच बरं. सागरेश्वरच्या टेकड्याही चालतील. महिनाभर झाला की एक रविवार साताऱ्याला या आणि अजिंक्यतारा एकाच सकाळी दोनदा चढा-उतरा. गाडीरस्त्यानं नको, पायवाटेनं. पाठीवर तीच पिशवी, पायात तेच बूट, जे वासोट्याला नेणार. दोन्ही फेऱ्या झाल्यावर दुसऱ्या दिवशी पाय दुखले पण जिना उतरता आला, तर वासोटा तुमचा. गुडघ्याच्या वाटीभोवती टोचणारं दुखणं आलं किंवा सूज आली, तर हाडांच्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय पुढचं ठरवू नका. निघायच्या आधीचे आठ-दहा दिवस जड व्यायाम बंद. त्या दिवसांत अंगाला विश्रांतीच जास्त लागते.

प्रत्यक्ष उतरताना गंमत सुरू होते माथ्यावरच्या मारुतीपाशी. निघण्याआधी तिथे बसा आणि बुटाच्या नाड्या सोडून पुन्हा बांधा. चढताना नाडी सैल असली तरी चालते. उतरताना पाय बुटात पुढे सरकतो, अंगठा टोकाला आपटत राहतो आणि आठवड्यानं नख काळं पडून निघतं. टाच मागे दाबून, घोट्याजवळच्या दोन छिद्रांत नाडी घट्ट आवळायची. बोटांकडची सैल ठेवली तरी चालेल. आदल्या दिवशी नखं कापलेली हवीत. मग पहिल्या पावलापासून पावलं लहान. गुडघे किंचित वाकलेले, पाय पूर्ण टेकलेला. घसाऱ्यावर घाबरलेला माणूस मागे रेलतो, आणि मागे रेललं की टाचेवर भार येऊन पाय पुढे सटकतो. किंचित पुढे, नाक पायाच्या बोटांवर येईल असं. तीव्र उतारावर आडवे पाय टाका, नागमोडी उतरा. काठी आधी खाली टेकवायची, मग पाऊल. दोन काठ्या असतील तर उत्तम. नसतील तर एक काठी घरूनच आणा. जंगलात झाड तोडून काठी करायची नाही, गुन्हा आहे. कमरेवर बसून घसरत उतरण्याची कल्पना बऱ्याच जणांना सुचते. पँट फाटतेच, शिवाय वाट खणली जाऊन मागच्यांसाठी ती घसरगुंडी होते.

एवढा उतार उगाळतोय, कारण वासोट्यावर पाय मुरगळण्याची किंमत इतर गडांपेक्षा मोठी आहे. अजिंक्यताऱ्यावर मुरगळला तर रिक्षा वर येते. इथे खाली पोहोचल्यावर पुढे बोट, मग गाडी, मग साताऱ्याचा दवाखाना. मोबाइलची रेंज भरवशाची नाही. चालता न येणाऱ्या माणसाला जंगलातून खाली आणायचं म्हणजे चार-सहा जणांच्या खांद्यांचं काम, आणि तोवर दिवस मावळतो.

म्हणून घड्याळ. बामणोलीला सकाळी साडेसातला हजर राहा. परवान्याचे कागद, सगळ्यांची ओळखपत्रं, बोट ठरवणं यात वेळ जातोच. बोट पूर्ण ठरवावी लागते, त्यामुळे तिघांऐवजी आठ-दहा जण जमले तर खर्च वाटला जातो. पाण्यावरून पलीकडे जायला तास-दीड तास. डिसेंबरात सकाळी बोटीत वारा हाडात शिरतो, कानटोपी घ्या, नंतर दिवसभर ती पिशवीतच राहील. दहाच्या सुमाराला चालायला लागलात तर साडेबारा-पाऊणला माथा. दीड तास वर. सव्वादोनला उतरायला सुरुवात, सव्वाचारला बोट. यात अर्ध्या-पाऊण तासाची सवड आहे, त्याहून जास्त नाही. त्यावरून माझा नियम: दीड वाजेपर्यंत माथा आला नाही तर जिथे असाल तिथून परत. माथा पाच मिनिटांवर दिसत असेल तर अपवाद, वीस मिनिटांवर असेल तर नाही. हा आकडा बोटीतच सगळ्यांसमोर बोलून ठेवा. वर गेल्यावर ठरवायला बसलात की उत्साह जिंकतो.

म्हणूनच त्याच दिवशी नागेश्वर जोडू नका. करणारे करतात, पण ती तयारीची माणसं असतात. आणि कुणी कोकणातून, चोरवण्याच्या बाजूनं चढायचं सुचवलं तर पहिल्या खेपेला नको म्हणा. तिकडून चढ जवळजवळ दुप्पट पडतो.

आता ज्याच्यासाठी जायचं ते. गडाच्या पश्चिम अंगाला बाबू कडा. इंग्रजी यू अक्षरासारखा आत वळलेला, खाली थेट कोकणाचं रान, आणि समोर जुना वासोटा नावाचा डोंगर. त्याला मधल्या दरीनं तोडून ठेवलंय, तिथे जायचा नाद करू नका. पूर्वेला वळलात की शिवसागराचे फाटे डोंगरांच्या मधून आत शिरलेले दिसतात. उत्तरेकडे चकदेव आणि पर्वत, त्यामागे मकरंदगड, हवा स्वच्छ असेल तर कोकणाच्या बाजूला रसाळगड, सुमारगड, महिपतगडाची रांग, आणि जवळच नागेश्वरचा सुळका. मुलाला घरूनच नकाशा घेऊन बसवा, एकेक शिखर ओळखायला लावा. नुसता सुंदर देखावा दहा मिनिटांत संपतो. नावं माहीत असली की पोरगं तासभर हलत नाही.

त्याला हेही सांगा की समोरच्या त्या जुन्या वासोट्यानंच या गडाचा घात केला. महाराजांनी 1660 मध्ये हा किल्ला घेतला आणि राजापूरच्या वखारीतले इंग्रज कैदी इथे आणून ठेवले. पळून जायचं म्हटलं तरी जाणार कुठे, अशी ही जागा. पुढे पेशवाईच्या उत्तरार्धात ताई तेलिणीनं पेशव्यांचे सरदार बापू गोखले यांच्याशी हा गड महिनोन् महिने लढवला. 1818 च्या एप्रिलात मात्र इंग्रजांनी जुन्या वासोट्यावर तोफा चढवल्या आणि तिथून मारा करून किल्ला घेतला. कड्यावर बसून समोर बघितलं की तोफेची रेषा डोळ्यांनीच आखता येते.

तुमच्या यजमानांच्या गरगरण्याचं. ट्रेकवाल्यांत याला दृष्टिभय म्हणतात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. उभं राहताना शरीर तोल सांभाळतं ते डोळ्यांना जवळच्या स्थिर वस्तू दिसत असतात म्हणून. कड्यावर जवळ काहीच नसतं, सगळं दूर, आणि डोळ्यांना आधार उरत नाही. शरीर खरोखरच थोडं डोलायला लागतं. तेव्हा त्यांना कड्याकडे चालत नेऊन ‘बघा, काही होत नाही’ असं करू नका. काठापासून पाच-सात मीटर मागे बसवा, बाजूला एखादा दगड किंवा झुडूप नजरेत राहील असं. नजर आधी क्षितिजाकडे, थेट खाली नाही. बसलेल्या माणसाला बराच फरक पडतो. खरं तर हा नियम तिघांनाही. काठावरचं वाळलेलं गवत बुटाखाली काचेसारखं निसटतं, आणि दरीतून वर येणारा वारा मधेच पडतो, त्यामुळे त्याच्यावर रेललेला माणूस पुढे झुकतो. सेल्फी बसून, पाठ डोंगराकडे करून. चढाच्या वाटेवर त्यांना फार त्रास होणार नाही, बहुतेक वाट झाडीतून आहे. शेवटच्या मोकळ्या टप्प्यात त्यांना मधे ठेवा आणि उतरताना तुम्ही त्यांच्या पुढे चाला, म्हणजे त्यांच्या डोळ्यांसमोर दरी न येता तुमची पाठ येईल.

बीपीबद्दल: डॉक्टरांना विचारल्याशिवाय नेऊ नका, आणि विचारताना ‘फिरायला जातोय’ असं मोघम सांगू नका. ‘पाचशे मीटर चढ, पाच तास चाल, जवळ दवाखाना नाही’ असं सांगा. पन्नाशीच्या वर, आधी चढाची सवय नसलेल्या माणसाला डॉक्टर कदाचित ईसीजी किंवा ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट सांगतील, ती करून घ्या. गोळी कुठली आहे तेही महत्त्वाचं. काही गोळ्या नाडीचे ठोके मुद्दाम कमी ठेवतात. तशा माणसानं हातावरच्या घड्याळात ठोके कमी दिसतात म्हणून वेग वाढवू नये. काही गोळ्या लघवीवाटे पाणी काढतात, त्यांच्या बाबतीत घामानं पाणी आणि क्षार दोन्ही लवकर उतरतात. त्या दिवशी गोळी स्वतःच्या मनानं टाळायची नाही. वेग मोजायला सगळ्यात चांगलं माप बोलणं: चढताना एक पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं पाहिजे. तुटलं तर वेग कमी. छातीत दाब, जबड्यात किंवा हातात कळ, न थांबणारी धाप, डोळ्यांपुढे अंधारी यातलं काहीही आलं की चढ तिथेच संपला. ‘थोडं बसून बघू’ म्हणत वर जायचं नाही.

हंगाम: पावसाळ्यात गड बंद असतो. ऑक्टोबरात जळवा आणि डोक्याएवढं गवत. मला विचाराल तर नोव्हेंबरची अखेर ते फेब्रुवारीचा मध्य, त्यातही आठवड्यातला मधला वार. नाताळच्या सुट्टीत जाऊ नका, बोटीसाठी ताटकळण्यातच तास जातो आणि तो तास थेट माथ्यावरच्या वेळेतून कापला जातो. एप्रिल-मे मध्ये आणखी एक भानगड होते. धरणाचं पाणी मागे हटतं, बोट दूरवरच थांबते, आणि जंगल सुरू होण्याआधीच भेगाळलेल्या गाळातून रणरणत्या उन्हात चालावं लागतं. चढही तेवढ्यानं वाढतो.

खाणं साधं. धपाटे, भाकरी-खर्डा, गूळ-शेंगदाणे, चिक्की. माथ्यावर पोटभर जेवलात तर उतरताना जड होईल, थोडं थोडं खा. बाटलीभर मीठ-साखरेचं पाणी हवंच: एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा. नुसतं पाणी ढोसत राहिल्यानंही डोकं जड होऊन मळमळतं, तेव्हा हे कामाला येतं.

अत्तर, सुगंधी तेल, बॉडी स्प्रे त्या दिवशी कुणीच लावायचा नाही. मुलाला हे दोनदा सांगा, त्या वयाची मुलं अर्धी बाटली मारून येतात. कड्यांना आग्या मोहोळं असतात. उग्र वास, धूर, आरडाओरडा आणि भिरकावलेला दगड यातल्या कशानंही ती उठतात. उठलीच तर हात झटकत बसू नका. डोकं-चेहरा कापडानं झाका आणि वाट धरून तिथून लांब व्हा, कड्याकडे नाही, रानाकडे. गवा दिसला तर थांबा, त्याला जाऊ द्या. शेकरू बहुतेक दिसतंच, डोक्यावर फांद्यांत खडखड झाली की वर बघा.

सांगलीहून त्याच पहाटे निघायचा विचार करत असाल तर सोडून द्या. सातारा सव्वाशे किलोमीटरच्या आसपास, तिथून यवतेश्वराचा घाट आणि कास ओलांडून बामणोली अजून चाळीसेक, तोही वळणावळणाचा. पहाटे दोनला उठलेला माणूस दुपारी दोनला कारवीतून उतरत असतो. आदल्या रात्री साताऱ्यात किंवा बामणोलीच्या आसपास मुक्काम करा. परतीची रात्रही साताऱ्यात काढा, कारण थकलेल्या पायांनी ब्रेक दाबत कासच्या वळणांतून अंधारात येणं आणि पुढे हायवेला लागणं, हे गडापेक्षा धोक्याचं आहे. गाडी चालवणाऱ्यासाठी तर नक्कीच.

राहिल्या सासूबाई. जरूर आणा, पण वासोट्याच्या बोटीत नको. तुम्ही पाच-सहा तास वर, आणि त्या मेट इंदवलीला चौकीपाशी बसून: धड सावलीत पाय पसरायला जागा नाही, सोयी तोकड्या. त्यापेक्षा त्यांच्यासोबत घरातलं आणखी कुणीतरी ठेवा आणि दोघांना बामणोलीतच थांबवा. तिथून कोयना, सोळशी आणि कांदाटीच्या त्रिवेणी संगमाकडे वेगळी बोट मिळते, चढ-उतार काही नाही. फक्त बोटीत चढताना फळी हलते आणि ओली असते, तेव्हा नावाड्याचा एक हात आणि तुमच्या माणसाचा एक हात असे दोन्ही हात त्यांना मिळतील असं बघा. साडी असेल तर ओचा खोचून, चपला हातात. दुपारचं जेवण गावातल्या एखाद्या घरगुती खानावळीत आधीच सांगून ठेवा, बिनतिखटाचं हवं असेल तर तेही आधीच.